राहू दे

बॉल उंच उडाला आणि कौमुदी पाठमोरी धावली. तिसरा सेट, टायब्रेक, सहा-पाच. एवढा एक पॉइंट घेतला की फायनल तिची, आणि फायनल जिंकणारीला परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश. अठ्ठाविसाव्या वर्षी, दोनदा ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर, असा योग पुन्हा येत नसतो. तिनं रॅकेट उचलली. हात म्हणत होता, मार.

तेवढ्यात कुंपणाच्या जाळीमागून आबांचा आवाज आला, "राहू दे!"

कौमुदीनं रॅकेट खाली घेतली. बॉल तिच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या रेघेच्या चांगला वीतभर आत पडला.

हा शब्द त्या बापलेकीचा होता. सुभेदार हिंदुराव पोस्टिंगवर जयपूरला आले आणि रिटायर होऊन इथंच राहिले. पोरगी बारा वर्षांची होती तेव्हापासून ते त्या जाळीमागे उभे. बॉल बाहेर जाणार असं दिसलं की ओरडायचे, "राहू दे!" पॉइंट चालू असताना बाहेरून असं सांगणं नियमात बसत नाही. पण जयपुरात मराठी कळतंय कुणाला? एका अंपायरनं एकदा हटकलं, तर सुभेदारांनी छातीठोकपणे सांगितलं, "साहब, राहू घर का नाम है बच्ची का." झालं! तेव्हापासून इथल्या टेनिसवाल्या पोरी तिला राहू दीदी म्हणतात. पत्रिकेत नसलेला राहू असा नावात येऊन बसला. पण सोळा वर्षांत ती हाक एकदाही चुकली नव्हती. तोफखान्यात गोळा कुठं पडणार हे सांगण्यात ज्याची हयात गेली, त्याला बॉलचं काय कौतुक?

सहा-सहा झाले. पुढचे दोन पॉइंट कसे गेले ते कौमुदीला कळलंही नाही. समोरच्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं जमिनीवर लोळण घेतली तेव्हा तिला कळलं, संपलं.

तिनं जाळीकडं पाहिलं. आबा भर उन्हात उघड्या डोक्यानं उभेच होते. शेजारी आई, मालन, त्यांची पांढरी टोपी हातात चुरगाळत होती. आई आज पहिल्यांदाच आली होती. मॅच बघायचा तिला धीर व्हायचा नाही, मग ती घरी देवापुढं बसून राहायची. आज कौमुदीनंच हट्ट धरला होता, "शेवटचीच असेल गं, आज तरी ये ना."

गाडीपाशी आल्यावर कौमुदी म्हणाली, "आबा, बॉल आत होता."

आबांनी एकदा मालनकडं पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. चुकलं माझं. बाहेर जाईल असं वाटलं मला."

"वाटलं? मतलब, सोळा वर्षं मी तुमच्या डोळ्यांनी खेळले, आणि आजच तुम्हाला नुसतं वाटलं?" तिचा आवाज फाटला. "दिसत नाही तर घरी बसायचं ना! माझं वाटोळं करायला कशाला आलात?"

"अगं, बापाला असं बोलतात व्हय?" मालन म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस, आई. तुझा काय दोष त्यात?"

तिनं तिथंच उभ्या उभ्या मालवीय नगरच्या अकादमीला फोन लावला. लहान मुलांना शिकवायला सोमवारपासून येते म्हणून सांगितलं. स्पर्धा? नाही, आता नाही. हे सगळं आबांना ऐकू जाईल अशा बेतानं, मोठ्यानं. त्यांना लागावं असंच तिला वाटत होतं, खोटं कशाला बोला. आणि आबांना लागलंही. चौकात पोलिसावरसुद्धा आवाज चढवणारा माणूस, पण प्रताप नगरचं घर येईपर्यंत मान खाली घालून बसला.

घरी मालननं ताटं वाढली. कुणी कुणाशी बोलेना. अशी शांतता तिला कधी सोसत नसे, म्हणून तीच बोलत राहिली.

"मला त्यातलं काय कळत नाही बाई. पण आबांचं डोकं बघ की, कसं लालबुंद झालंय! उन्हानं घेरी आली असंल, म्हणून नजर चुकली. मी आपली टोपी घालाय गेले, तर केवढ्यांदा खेकसले माझ्यावर. राहू दे, म्हणे! चार माणसांत."

कौमुदीचा हात ताटातच थांबला.

"कधी, आई?"

"तो बॉल वर गेला होता न्हवं का, तवा. म्हटलं, तो खाली येईस्तोवर टोपी घालून हुईल."

कौमुदीनं आबांकडं पाहिलं. त्यांनीही मान वर केली होती. गाडीपाशी त्यांनी आईकडं का पाहिलं, ते तिला आत्ता कळलं. हात म्हणत होता मार, तेही आठवलं. आपण काय काय बोललो तेही आठवलं, आणि तिला स्वतःची शरम वाटली.

"का गं, काय झालं?" मालन घाबरून म्हणाली. "माझं काय चुकलं का?"

कौमुदीनं तोंड उघडलं.

"राहू दे," आबा हळूच म्हणाले.

या वेळी ते तिलाच म्हणाले होते.