मशेरीची डबी

“स्क्रूवर बसवायचे पक्के दात जमणार नाहीत, मावशी,” डॉक्टरीणबाई एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाल्या. “हिरड्यांच्या रोगानं जबड्याचं हाड खाल्लंय. स्क्रू कशात रोवू? कवळीच लागेल, तीही सैल बसेल.”

“पण रक्त तर थांबायचं!” शेवंताबाई हलणारे दात जिभेनं चाचपत म्हणाल्या. “आलं की मशेरी लावायचे. दोन दिवसांत बंद.”

“मशेरी म्हणजे तंबाखूच. रक्त तेवढं दाबते. आत रोग हाड पोखरतच राहतो.”

दवाखान्याच्या पायरीवरूनच शेवंताबाईंनी लेकीला फोन लावला. ती सात महिन्यांची गरोदर. गेल्या आठवड्यात तिच्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा त्यांनीच आपली डबी तिला दिली होती.

“शीतल, ती मशेरी आधी फेकून दे.”

“फेकू कशाला? रक्त थांबलंय की. तुझ्या हाताला गुणच आहे, आई.”