साखळी प्रार्थना

सलोमी घरसभेला पोहोचली तेव्हा साखळी प्रार्थना सुरू झाली होती. सतरंजीवर बायका डोळे मिटून, हातात हात धरून बसलेल्या. एकीची प्रार्थना संपली, की तिने शेजारणीचा हात दाबायचा. मग शेजारणीची पाळी.

आणि दीनाचा हात त्या नव्या मर्सीच्या हातात! लग्न होऊन आल्यापासून ती जागा सलोमीची. हल्ली दीनाच्या तोंडी सारखं आपलं मर्सी, मर्सी. म्हणून दोन रविवार सलोमी फिरकलीच नव्हती. आज तिने सरळ दोघींचे हात सोडवून मधे बसकण मारली आणि दोन्हीकडचे हात पकडले. मर्सीने एक डोळा उघडला, मुकाट्याने सरकून जागा दिली. दीनाचे डोळे मिटलेलेच; हात कोणाच्या हातात गेला, तिला पत्ताच नाही.

दीनाची पाळी आली. "प्रभू, माझी सलोमी रुसलीय. ती शेजारी नसली, की मला प्रार्थनाही सुचत नाही. तिला परत आण. आमेन."

चारचौघींत भांडण चव्हाट्यावर! सलोमीचे कान तापले. तेवढ्यात दीनाने तिचा हात दाबला.

"प्रभू," सलोमी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी कधीची आलेय. दीनाला म्हणावं, डोळे उघड."