तलाव रिकामा होईपर्यंत

झडप उघडली आणि बांधाच्या पोटातून पाणी धो धो ओढ्यात पडू लागलं, तेव्हा माधवरावांनी कठडा घट्ट धरला. आता तळ दिसणार होता. मातीच्या बांधाला पाझर फुटल्यामुळे तलाव कधीतरी रिकामा करायचाच होता. वरदसाठी ते काम अलीकडे ओढलं, एवढंच. गळ टाकून झाले होते, पाणबुडे उतरून झाले होते. एकुलता एक मुलगा सापडत नव्हता. सापडली होती ती बांधावर लावलेली त्याची स्कूटर आणि पायरीवर काढून ठेवलेल्या चपला.

बागेच्या फाटकावर ‘बोटिंग बंद’ अशी पाटी लावली होती, तरी माणसं येतच होती. धायरीपासून बिबवेवाडीपर्यंतची रिकामटेकडी मंडळी बांधावर जमली होती. भेळवालाही आला होता. फुकट बघायला मिळत असेल तर पुण्यात गर्दीला काय तोटा?

माधवराव गणिताचे मास्तर, आता निवृत्त. त्यांच्या टोमण्यांची शाळेत ख्याती होती. जुने विद्यार्थी रस्त्यात थांबवून, “सर, तुम्ही मला काय बोलला होतात, आठवतंय का?” असं विचारत आणि खो खो हसत. जे हसत नसत ते भेटायलाच येत नसत, ही गोष्ट मात्र त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती.

परवा घरी पाहुणे जेवायला होते. वरद सीएच्या परीक्षेत पुन्हा नापास झाला होता. कोणीतरी उगाच निकालाचा विषय काढला. वरद खाली मान घालून म्हणाला की, कधी कधी जीव द्यावासा वाटतो. माधवरावांनी ताटातून नजरसुद्धा उचलली नाही.

“दे की. पण तेही अर्ध्यावर सोडून परत येशील. आजवर एक तरी गोष्ट पुरी केली आहेस का?”

पाहुणे हसले. वरदही हसला. त्याच रात्री तो स्कूटर घेऊन बाहेर पडला. त्याचं ते हसणं आता माधवरावांच्या काळजात रुतून बसलं होतं. आपणच पोराला पाण्यात ढकललं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

पायडल बोटी चालवणारा इम्तियाज भला माणूस. त्याने खुर्ची आणून दिली, चहा दिला आणि हळूच म्हणाला, “सर, रडून घ्या जरा. मोकळं वाटेल.”

“तलाव रिकामा करायचं चाललंय ना? मग मी त्यात भर कशाला घालू?” माधवराव म्हणाले.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. माधवरावांना स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली. आतून त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, पण जीभ मेली आपली जुन्या सवयीने चालतच होती. चारचौघांत रडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. बायकोसमोरही नाही.

पद्मजाबाई तलावावर एकदाही आल्या नव्हत्या. माधवराव घरी गेले की त्या दार उघडत, त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत आणि काही न बोलता आत जात. ती आपल्याला दोष देते आहे, हे माधवरावांना कळत होतं, आणि तिचं चुकत नव्हतं. ते दोन घास कसेबसे गिळत आणि पुन्हा बांधावर येऊन उभे राहत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाचा तळ उघडा पडला. बाटल्या, एक फुटकी बोट, मूर्तींचे सांगाडे आणि गुडघाभर गाळ. अग्निशमन दलाच्या माणसांनी बांबूने तो सगळा गाळ चाचपला. मग त्यांचा अधिकारी वर आला आणि म्हणाला की, मुलगा इथे नाही, तलावात कोणीच नाही. बांधावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इम्तियाजने दोन्ही हात वर उचलले.

माधवराव काठावर ओढून ठेवलेल्या बोटींच्या मागे गेले. तिथे कोणी नव्हतं. ते मटकन खाली बसले आणि ऊर फुटेस्तोवर रडले. “अर्ध्यावर सोडलंस, बरं केलंस रे बाळा,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आता तो येऊ दे, त्याला कधी म्हणून वाकडा शब्द बोलणार नाही, अशी त्यांनी स्वतःच्याच गळ्याची शपथ घेतली. बराच वेळ गेला. मग ते नळावर गेले, तोंड खसाखसा धुतलं, रुमालाने कोरडं केलं, केस नीट बसवले आणि घरी निघाले.

पद्मजाबाईंनी दार उघडलं.

“तो तलावात नाहीये. जिवंत आहे तो, पद्मजा.”

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

वरद पाण्यात उतरला होता, पण त्याला भीती वाटली आणि तो बाहेर आला. तसाच अनवाणी हायवेला जाऊन त्याने साताऱ्याची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिथल्या एका मित्राच्या फोनवरून आईला फोन केला. आज दुपारी तो तिथूनही निघून गेला. कुठे, ते त्याने मित्राला सांगितलं नाही आणि आईलाही नाही. पद्मजाबाईंनी हे सगळं एका सुरात सांगितलं. इतक्या माणसांना तंगवत ठेवलं, ते पाप माझ्या माथी, असंही म्हणाल्या.

माधवराव भिंतीला टेकले. “अगं, मग मला सांगितलं का नाहीस? मी धावत गेलो असतो. हातापाया पडून आणलं असतं त्याला.”

पद्मजाबाईंनी त्यांच्या स्वच्छ, कोरड्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला सांगू नकोस म्हणाला. ‘बाबा माझ्यासाठी रडले, तर परत येईन,’ म्हणाला. मी सारखी बघत होते तुमच्याकडे. शेवटी आज सकाळी त्याला सांगितलं, नाही रडले म्हणून.”