शब्दांची कडी

ओसाकातल्या स्क्रूच्या कारखान्यात माल तपासणाऱ्या हिसाएबाईंच्या कमरेला इंग्रजी शब्दांच्या कार्डांची कडी लटकायची. पोरी चिडवायच्या, "साठीला टेकलात, गोरा नवरा करायचाय की काय?" एकदा जर्मन गिऱ्हाईक आलं, बाई नमुने घेऊन मालकांच्या खोलीत गेल्या. पाहुणा इंग्रजीत बोलत होता, मालक जपानी रीतीप्रमाणे मान हलवून 'होय, होय' म्हणत होते. म्हणजे फक्त 'ऐकतोय'. पाहुण्याला तो होकार वाटला. 'दोन आठवड्यांत डिलिव्हरी' लिहून त्याने सहीसाठी पेन पुढे केलं. हे शब्द बाईंना पाठ होते. इथे पाहुण्याला तोंडावर नकार देत नाहीत. बाईंनी कडीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं: 'इम्पॉसिबल'. मग दुसरं: 'सिक्स'. पाहुण्याने हसून दोनाचे सहा केले. दुसऱ्या दिवशी हजेरीला मालकांच्या कमरेला कोऱ्या कार्डांची कडी होती. "बाई, पहिला शब्द द्या." बाईंनी ताठ मानेने लिहिलं: 'नो'.