लवंगीच्या जागी भावनगरी

दोंडाईच्यात उखर्डूआबांच्या परसात नाना जातींच्या मिरच्या होत्या, एकीपेक्षा एक जहाल. तिखट न खाणाऱ्याला ते हसायचे. सुरतेहून आलेली नवी सून डिंपल पहिल्याच घासाला रडली, तेव्हाही ते हसले. डिंपल भाजी बाजूला सारून दूधभात खाऊ लागली. एकदा ती आईला फोनवर सांगताना त्यांनी ऐकलं, “मम्मी, मला इथे पोटभर जेवताच येत नाही.” त्याच आठवड्यात आबांनी लाडकी लवंगी उपटून भावनगरीची रोपं लावली. “हाई फिकी मिरची आपला परसमा?” सासूबाई चिडल्या. आबा पाणी घालत राहिले. हिवाळ्यात त्यांनी स्वतः वांगी भाजली, नव्या मिरच्या घालून भरीत केलं. “बेटी, खाई देख. हाई मिरची तुन्ही शे.” डिंपलने भीतभीत घास घेतला. मग हळूच म्हणाली, “आबा, अजून एक भाकरी वाढा ना.”