साखरेच्या डब्याला टेकलेला जावई

माणसाला घालवून द्यायचं आणि त्याचा आवाज मात्र ठेवून घ्यायचा, ही थोरल्याची रीत आईला मुळीच पटलेली नव्हती. जावयाच्या खुर्चीवर त्यानं साखरेचा डबा ठेवला होता, डब्याला टेकवून फोन उभा केला होता, आणि त्या फोनमधून जावई गात होता. खरा जावई चार गल्ल्या पलीकडे आपल्या घरी बसला होता.

अठरा वर्षं हे चौघं साथीला एकही वाद्य न घेता गात आले होते. थोरला, धाकटा, लेक आणि जावई. नुसते चार गळे, एकमेकांच्या आधारानं उभे. थोरला पुढे होऊन गायचा, जावयाचा आवाज सगळ्यांत खालचा, पायाच्या दगडासारखा. लग्नं, शाळांची संमेलनं करत करत यंदा कुठे मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं होतं, येत्या शनिवारचं. आणि ऐन तोंडावर थोरल्यानं जावयाला ऐकवलं, "तुमचा आवाज उतरतो. तुमच्यापायी सगळं गाणं खाली बसतं." जावयानं चपला घातल्या आणि निघून गेला.

आता सरावासाठी कधीतरी एकट्याचा भरून ठेवलेला त्याचा आवाज कामाला जुंपला होता.

"शनिवारी माझा साखरेचा डबा पण नेणार का?" आईनं विचारलं. कार्यक्रमाच्या सदऱ्यांना ती बटणं लावत होती. शेवटचा, सगळ्यांत रुंद सदरा मांडीवर होता.

"फोन पडद्यामागे ठेवू. कुणाला कळतंय? तू बटणं लाव, आई."

"नवरा घरी चहा करून पितोय," लेक म्हणाली, "आणि मी इथे डब्याशेजारी उभी राहून त्याच्याबरोबर गातेय. शेजारणीनं विचारलं तर काय सांगू, दादा?"

धाकट्याला हसू आलं. थोरल्यानं वळून पाहिलं तसा तो खोकला.

थोरल्यानं खिशातली सूर द्यायची शिट्टी फुंकली, तिघांनी सूर धरला, फोन सुरू झाला. पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. तिघं श्वास घ्यायला थांबत, फोन थांबत नसे. तिसऱ्या खेपेला गाणं शेवटापर्यंत पोचलं. ते ज्या सुरावर सुरू व्हायचं त्याच सुरावर संपायचं. पण शेवटचा लांब सूर लागला आणि फुगलेलं दार चौकटीवर घासावं तसे तिघं फोनवर घासले. आईच्या हातातली सुई थांबली.

"फोनच बिघडलाय," थोरला म्हणाला. "शेवटी वर चढतो."

"अंगण वाकडं असतं हे ठाऊक होतं," आई म्हणाली. "फोन वाकडा असतो हे आजच कळतंय. शिट्टीला विचार की."

थोरला जागचा हलला नाही. लेकीनंच त्याच्या हातातून शिट्टी घेतली आणि फुंकली. धाकट्यानं फोनवरचा शेवटचा सूर पुन्हा लावला. दोन्हींमध्ये केसाएवढाही फरक नव्हता.

"आपण उतरलो, दादा," लेक म्हणाली.

"मी तुझ्याच मागे होतो, दादा," धाकटा पुटपुटला.

"मीही," लेक म्हणाली.

थोरल्यानं फोन बंद केला. मग खुर्चीकडे बघत, कुणालाच न विचारल्यासारखं, विचारलं, "मग इतकी वर्षं जुळत कसं होतं?"

आईनं दातानं दोरा तोडला. सदऱ्याची घडी घातली, उठून ती त्याच्या हातात ठेवली आणि खुर्चीवरचा आपला साखरेचा डबा काखेत घेतला.

"हा सदरा जावईबापूंना तुझ्या हातानं देऊन ये," ती म्हणाली. "तू घसरलास की तेही तुझ्याबरोबर खाली यायचे, चारचौघांत तुझं हसं होऊ नये म्हणून. फोनला कसलं आलंय नातं."