बाठ्यातनं उगवलेली

हापूसची कलमं बांधण्यात बाबांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. यंदा सुरी त्यांच्या बोटांत थरथरू लागली. आजोबांचं दुखणंही असंच हातांपासून सुरू झालं होतं. “मलापण होणार?” मी विचारलं. “कलम मूळ झाडासारखंच निघतं. तू बाठ्यातनं उगवलेलीस गो. माझ्यातलं काय उचललंस, कोण सांगणार?” बाबा म्हणाले. देवरूखला बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये मी कांद्याच्या मुळाची स्लाईड करत होते, तेवढ्यात परीक्षक समोर आले. “मिऑसिसमध्ये काय होतं?” “जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं.” “कुठलं?” “ते सांगता येत नाही, सर.” सरांनी मान डोलावली. मी कव्हरस्लिप ठेवायला गेले, तर काचेवर काच वाजू लागली. “घाबरू नकोस,” सर हसले, “प्रॅक्टिकलला सगळ्यांचेच हात थरथरतात.” मी श्वास रोखून आजूबाजूच्या टेबलांचा कानोसा घेतला. दुसरी कुठलीच काच वाजत नव्हती.